पिट्सबर्गची बदलती स्कायलाइन, नागरी हक्कांची चळवळ आणि कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या जुन्या छायाचित्रांबद्दल लिहायला लागल्यापासून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात. कार्नेगी मेलन किंवा पिट विद्यापीठात शिकणारी मुलं, त्यांच्याकडे काही महिने राहायला गेलेले आईवडील, आणि इकडे महाराष्ट्रात बसून छायाचित्रणाचा इतिहास वाचणारे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागरी हक्कांची चळवळ म्हणजे अलाबामा, मिसिसिपी. पिट्सबर्ग तर उत्तरेत. तिथे कसली चळवळ?

दक्षिणेत कृष्णवर्णीयांशी होणारा भेदभाव कायद्यात लिहिलेला होता आणि पाट्यांवर रंगवलेला होता. उत्तरेत पाटी नसायची. घर भाड्याने मागताना, बँकेत कर्ज मागताना, कामगार संघटनेत नाव घालताना तो भेटायचा. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांनी पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतले कृष्णवर्णीय मजूर घेतले आणि बहुतेकांना भट्टीजवळची, सगळ्यात घाणीची कामं दिली. राहायला जागा मिळायची ती ठरावीक वस्त्यांत. त्यातली सगळ्यात नावाजलेली हिल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराच्या व्यापारी भागाला अगदी चिकटून असलेली टेकडी. त्यामुळे इथला लढा मुख्यतः घर, काम आणि जमीन यांवर झाला. स्कायलाइन, म्हणजे आभाळावर उमटणारी इमारतींची रेषा, तरी दुसरं काय असते? कोणाची जमीन, त्यावर कोणाची इमारत, आणि ती बांधायला कोणाचे हात.

२. ‘बदलती स्कायलाइन’ म्हणता, पण नक्की काय आणि कधी बदललं?

आधी आभाळ मोकळं झालं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कोळशाच्या धुरामुळे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९४६ मध्ये कारखान्यांना आणि १९४७ मध्ये घरांना धूरबंदी लागू झाली. डेमोक्रॅट महापौर डेव्हिड लॉरेन्स आणि रिपब्लिकन बँकर रिचर्ड किंग मेलन या जोडीने मग शहराचा मध्यभाग नव्याने उभा करायला घेतला. या कामाला तिथे सरळ ‘रेनेसान्स’ म्हणतात. नम्रता हा त्या पिढीचा गुण नव्हता.

१९५१ मध्ये मेलन बँक आणि यू.एस. स्टीलची ४१ मजली इमारत आली. १९५२-५३ मध्ये गेटवे सेंटरचे पहिले तीन टॉवर, १९५३ मध्ये अल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेली अल्कोआ बिल्डिंग, १९६१ मध्ये सिव्हिक अरीनाचा पोलादी घुमट, आणि १९७० मध्ये ६४ मजली, ८४१ फुटी यू.एस. स्टील टॉवर. त्याआधी १९३२ पासून शहरातली सगळ्यात उंच इमारत होती ५८२ फुटांची गल्फ टॉवर. कंपन्यांनी आपापल्या मालाची जाहिरात थेट भिंतीवर लावली हे बघण्यासारखं आहे. अल्युमिनियमवाल्यांची इमारत अल्युमिनियमची, पोलादवाल्यांची इमारत मुद्दाम गंजू दिलेल्या कॉर-टेन पोलादाची.

३. टीनी हॅरिस कोण? त्याचं नाव सारखं येतं.

चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस (१९०८–१९९८) हा पिट्सबर्गचाच, हिल डिस्ट्रिक्टमध्ये वाढलेला. साधारण १९३५ ते १९७५ अशी चाळीस वर्षं त्याने त्या वस्तीचे आणि शहरातल्या कृष्णवर्णीय जीवनाचे फोटो काढले, मुख्यतः ‘पिट्सबर्ग कुरियर’साठी. कुरियर हे देशभर खपणारं कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक होतं. परदेशात फॅसिझमवर आणि घरात वर्णभेदावर असा दुहेरी विजय मागणारी १९४२ ची ‘डबल व्ही’ मोहीम याच वृत्तपत्राची. सेंटर अव्हेन्यूवर हॅरिसचा स्टुडिओही होता, म्हणजे सकाळी मोर्चा आणि संध्याकाळी लग्नाच्या जोडप्याचा फोटो असा त्याचा दिवस असू शकायचा.

त्याचा भाऊ विल्यम, म्हणजे ‘वूगी’, आकड्यांच्या जुगारातला बडा माणूस होता. आपल्याकडच्या मटक्यासारखाच तो धंदा. त्याचा साथीदार गस ग्रीनली याचं वायली अव्हेन्यूवरचं क्रॉफर्ड ग्रिल जॅझसाठी गाजलेलं होतं, आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा कृष्णवर्णीयांचा बेसबॉल संघही त्याचाच. हे सांगायचं कारण म्हणजे हॅरिसला वस्तीतलं कुठलंच दार बंद नव्हतं. चर्च, दारूचा गुत्ता, पोलीस चौकी, बारसं, सगळीकडे तो ओळखीचा होता. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला (प्रश्न ८ आणि ९ पाहा) हे कधीच मिळालं नाही.

त्याच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह आज कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टकडे आहेत.

४. त्याला ‘वन शॉट’ म्हणायचे. खरंच एकच फोटो काढायचा का?

हे नाव महापौर लॉरेन्सनी पाडलं असं सांगतात. बाकीचे वृत्तपत्रवाले ‘साहेब, अजून एक’ करत राहायचे, हा एक बल्ब उडवून निघून जायचा.

यामागे ऐट होती, तसा हिशोबही होता. स्पीड ग्राफिक कॅमेरा, ४×५ इंची शीट फिल्म. एका होल्डरमध्ये दोनच शीट, एक पुढे आणि एक मागे. फोटो झाला की डार्क स्लाइड (फिल्मवरचं झाकण) घाला, होल्डर काढा, उलटा करून लावा, शटर पुन्हा चढवा, जळलेला फ्लॅशबल्ब काढा (तो बोटं भाजतील इतका गरम असतो) आणि नवा बसवा. शीट आणि बल्ब दोन्हीला पैसे पडायचे. साप्ताहिकाला छापायला शेवटी एकच चौकट लागायची. म्हणून प्रत्येक प्रसंगाची एकच निगेटिव्ह आहे असं मात्र समजू नका. मोठ्या घटनांचे त्याने अनेक फोटो काढले आहेत.

५. पण हॅरिसच्या फोटोंत सगळी माणसंच दिसतात. स्कायलाइनच्या विषयात त्याला का ओढता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं उत्तर असं की माणसांच्या मागे बघा.

पिट्सबर्गची पोस्टकार्डवरची स्कायलाइन माउंट वॉशिंग्टनच्या कड्यावरून काढलेली असते. समोर तीन नद्यांचा संगम, त्यामागे टॉवर. त्या जागेवरून हिल डिस्ट्रिक्ट टॉवरांच्या मागे, उजव्या अंगाला दडते. म्हणजे काय उभं राहिलं ते पूर्ण दिसतं, आणि त्यासाठी काय पाडलं ते जवळजवळ दिसत नाही. हॅरिस उभा असायचा त्याच्या विरुद्ध बाजूला. त्याच्या चौकटीत पुढे घोषणा देणारी माणसं, पायरीवर बसलेल्या बायका, पाडलेल्या भिंती, आणि मागे क्षितिजावर तेच टॉवर पाठमोरे. स्कायलाइनचा फोटो समोर आला की मी आधी एवढंच विचारतो की कॅमेरा कुठे उभा होता. इमारतींची नावं नंतर.

एक तांत्रिक गोष्टही लक्षात घ्या. हॅरिस फ्लॅश सढळ वापरायचा. बल्बचा उजेड काही फुटांपुढे ओसरतो, त्यामुळे रात्रीच्या फोटोत माणसं लख्ख आणि मागचं शहर काळं असतं. तिथे स्कायलाइन दिसणार नाही. दिवसाच्या फोटोंत फ्लॅश चेहऱ्यावरची सावली भरतो आणि मागचं शहरही टिकतं. स्कायलाइन शोधायची तर दिवसाचे, रस्त्यावरचे फोटो चाळा.

६. लोअर हिलचं नेमकं काय झालं?

हिल डिस्ट्रिक्टचा खालचा, डाउनटाउनला म्हणजे शहराच्या व्यापारी भागाला लागलेला भाग म्हणजे लोअर हिल. कृष्णवर्णीय बहुसंख्य, शिवाय इटालियन, ज्यू, सिरियन कुटुंबंही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर ‘जीर्ण’ ठरवलेली वस्ती संपादन करून पाडायला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. ३१ मे १९५६ ला इथे पाडापाडी सुरू झाली. सुमारे ९५ एकर जमीन, सुमारे १,३०० इमारती, ४०० च्या वर दुकानं-धंदे आणि जवळपास ८,००० माणसं.

त्या जागेवर काय आलं? सिव्हिक अरीना. मूळ कल्पना उघड्या आभाळाखाली ऑपेरेट्टा (हलकीफुलकी संगीतिका) ऐकण्याची, पाऊस आला की छत बंद. डिपार्टमेंट स्टोअरचे मालक एडगर कॉफमन यांनी त्यासाठी पैसे दिले होते. घुमटाचा व्यास ४१५ फूट, स्टेनलेस स्टीलच्या आठ पाकळ्या, त्यातल्या सहा सरकणाऱ्या. सप्टेंबर १९६१ मध्ये उद्घाटन झालं. अभियांत्रिकी म्हणून ती गोष्ट देखणी होती, हे मान्य करायला हवं. घुमटाच्या भोवती संगीतसभागृह, कलादालन असं सांस्कृतिक संकुल होणार होतं. ते झालं नाही. आय. एम. पेई यांनी आखलेली वॉशिंग्टन प्लाझा ही निवासी इमारत १९६४ मध्ये आली, आणि बराचसा भाग उरला तो गाड्या लावायला. घुमट आणि डांबर असं ते दृश्य पन्नास वर्षं राहिलं. पुढे २०११-१२ मध्ये अरीनाही पाडली.

पाडापाडीत बेथेल ए.एम.ई. हे कृष्णवर्णीयांचं जुनं मोठं चर्च १९५७ मध्ये गेलं. थोड्याच अंतरावरचं एपिफनी हे कॅथलिक चर्च मात्र वाचलं आणि आजही उभं आहे. बेथेलच्या लोकांनी ही गोष्ट सोडली नाही. २०२३ मध्ये पेंग्विन्स या हॉकी संघाशी, म्हणजे तेव्हा त्या जमिनीच्या विकासाचे हक्क असलेल्यांशी करार होऊन दीड एकर जागा चर्चला देण्याचं ठरलं. सहासष्ट वर्षांनी.

जेम्स बाल्डविन या लेखकाने १९६३ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सगळ्या देशातल्या अशा योजनांबद्दल म्हटलं होतं की शहरांचं नूतनीकरण म्हणजे निग्रोंना हटवणं. लोअर हिलचे फोटो बघताना ते वाक्य आठवतंच.

७. पण ती वस्ती खरंच मोडकळीला आलेली नव्हती का? नुसतं रडगाणं तर नाही ना?

मोडकळीला आलेली होती. कित्येक घरांत आत नळ नव्हता, संडास नव्हता. घरमालक दुरुस्ती करत नसत आणि बँका कर्ज देत नसत. खुद्द कुरियरने आणि कृष्णवर्णीय पुढाऱ्यांपैकी अनेकांनी सुरुवातीला योजनेला पाठिंबा दिला होता. त्यांना वाटलं होतं की पडक्या घरांच्या जागी चांगली घरं मिळतील. तेव्हा ‘दुष्ट सरकार आणि निष्पाप वस्ती’ अशी सोपी गोष्ट कोणी सांगत असेल तर तीही अपुरीच.

फसवणूक झाली ती पुढच्या टप्प्यात. घरं पाडली, पण त्या जागी त्याच लोकांना परवडतील अशी घरं बांधलीच नाहीत. लोक हिलच्या वरच्या भागात, होमवुडमध्ये, ईस्ट लिबर्टीकडे पांगले आणि तिथली गर्दी वाढली. दुकानदारांचं नुकसान वेगळं. गिऱ्हाईक पांगलं की दुकान दुसरीकडे थाटूनही चालत नाही.

फोटो बघताना याचा उपयोग असा की पडक्या जिन्याचा फोटो दोन्ही बाजूंना वापरता येतो. योजनेच्या पुस्तिकेत तो ‘हे पाडा’ म्हणतो. कुरियरमध्ये तोच ‘घरमालकाला जाब विचारा’ म्हणतो. मजकूर कोणी लिहिला ते बघा.

८. स्ट्रायकरचा संग्रह म्हणजे निव्वळ सरकारी प्रचार का?

रॉय स्ट्रायकर म्हणजे मंदीच्या काळात अमेरिकी शेतकऱ्यांच्या दैन्याचं छायाचित्रण करून घेणारा माणूस. १९५० मध्ये त्याला पिट्सबर्गला बोलावलं. शहराच्या कायापालटाची नोंद व्हावी, आणि अर्थात ती चांगली दिसावी, अशी बोलावणाऱ्यांची इच्छा होती. यातून पिट्सबर्ग फोटोग्राफिक लायब्ररी उभी राहिली. एस्थर बबली, क्लाइड हेअर, हॅरल्ड कोर्सिनी, तरुण एलियट अर्विट ही मंडळी तिच्यासाठी शहरभर फिरली.

प्रचारासाठी नेमलेले छायाचित्रकार चांगले असले की काय होतं, ते इथे दिसतं. त्यांनी टॉवरही काढले आणि टॉवरच्या पायथ्याशी उकरलेले खड्डेही. रिचर्ड सॉन्डर्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने याच प्रकल्पासाठी हिल डिस्ट्रिक्टची जी छायाचित्रं काढली, ती पाडापाडीच्या आधीच्या वस्तीचा पुरावा म्हणून आज फार मोलाची आहेत. पैसे कोणी दिले हे विसरू नये, पण तेवढ्यावरून संग्रह बाजूला टाकणं मूर्खपणाचं होईल.

९. यूजीन स्मिथ पिट्सबर्गला तीन आठवड्यांसाठी गेला आणि अडकला, ही गोष्ट खरी?

खरी. ‘लाइफ’ साप्ताहिक सोडल्यावर १९५५ मध्ये स्टीफन लोरंट या संपादकाने या छायाचित्रकाराला शहरावरच्या पुस्तकासाठी साधारण शंभर फोटोंचं काम दिलं. ठरले होते तीन आठवडे. स्मिथ वर्षभर तिथेच रमला आणि दहा हजारांहून कितीतरी जास्त निगेटिव्ह करून बसला. त्याच्या मनासारखं पुस्तक कधी निघालंच नाही. १९५९ च्या एका छायाचित्रण वार्षिकात त्याने स्वतः मांडणी करून काही पानं छापली, आणि त्यानेही त्याचं समाधान झालं नाही. त्याचा संग्रह आता ॲरिझोनातल्या टुसॉनला सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीकडे आहे.

हिलमधला त्याचा एक फोटो बघाच. ‘प्राइड’ नावाच्या रस्त्याच्या पाटीच्या खांबावर चढलेलं मूल. स्मिथला अशा योगायोगांचा मोह होता, कधी कधी जरा जास्तच. हॅरिसला पाटी वाचायची गरजच नव्हती, तो तिथेच वाढला होता. दोघे एकाच वेळी एकाच शहरात काम करत होते, म्हणून त्यांची तुलना अटळ आहे. स्मिथच्या प्रिंटमधला अंधार त्याने डार्करूममध्ये तास न् तास घालवून आणलेला असतो. हॅरिसचा फोटो पुढच्या अंकात छापायचा असतो.

१०. ‘यापुढे पुनर्विकास नाही’ असा फलक कुठे होता?

क्रॉफर्ड स्ट्रीट आणि सेंटर अव्हेन्यूच्या चौकाजवळ. पाडापाडी जिथे थांबली, तिथेच. लोअर हिल संपवून योजना वर सरकणार अशी चिन्हं दिसायला लागल्यावर रहिवाशांची समिती आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एन.ए.ए.सी.पी. यांसारख्या संघटनांनी महापालिका आणि नगरपुनर्विकास प्राधिकरणाला उद्देशून मोठा फलक लावला. या रेषेपलीकडे पुनर्विकास नाही, आणि लोअर हिलमध्ये गरिबांना परवडणारी घरं हवीत, अशी मागणी. हॅरिसने १९६९ मध्ये काढलेला त्याचा फोटो पिट्सबर्गच्या चळवळीतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा फोटो असावा.

त्या चौकाला पुढे फ्रीडम कॉर्नर नाव पडलं. मोर्चे तिथून निघायचे. २००१ मध्ये तिथे स्मारक झालं. योजना त्या रेषेपुढे सरकली नाही, हे फलकाइतकंच महत्त्वाचं.

११. टॉवर बांधणाऱ्या मजुरांचे फोटो आहेत का? त्यांचा चळवळीशी काय संबंध?

इथे स्कायलाइन आणि चळवळ अक्षरशः एकमेकांना भिडतात. १९६९ मध्ये यू.एस. स्टील टॉवर आणि थ्री रिव्हर्स स्टेडियम ही दोन प्रचंड कामं एकाच वेळी चालू होती. स्टेडियमला सार्वजनिक पैसा, दोन्हीकडे भरपूर मजुरी, आणि कुशल कामाच्या संघटना जवळजवळ पूर्ण गोऱ्या. संघटनेचं कार्ड नसेल तर काम नाही, आणि कार्ड बापाकडून मुलाला, काकाकडून पुतण्याला जायचं. घरं गेली होती हिलमधल्या लोकांची, आणि हिलच्याच पायथ्याशी उभ्या राहणाऱ्या टॉवरवर त्यांच्यातल्या सुताराला, वेल्डरला काम नव्हतं.

त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्लॅक कन्स्ट्रक्शन कोअलिशनने मोर्चे काढून कामं अडवली. पोलिसांशी झटापटी झाल्या, अटका झाल्या. गोऱ्या बांधकाम मजुरांनी उलट मोर्चा काढला. सप्टेंबरमधला ‘ब्लॅक मंडे’चा मोर्चा हजारोंचा होता, आणि त्यात उपनगरांतल्या गोऱ्या बायकाही होत्या. पुढच्या वर्षी ‘पिट्सबर्ग प्लॅन’ या नावाने कृष्णवर्णीय कामगारांना प्रशिक्षण आणि काम देण्याची योजना आली. ती कितपत पुरी पडली यावर तिथे अजून वाद होतात.

या मोर्च्यांचे फोटो बघताना मागे अर्धवट पोलादी सांगाडा दिसला तर घाईने पुढे जाऊ नका. मोर्चा त्याच सांगाड्यावर चढण्याच्या हक्कासाठी आहे.

१२. माझ्याकडे तारीख नसलेला जुना फोटो आहे. स्कायलाइनवरून साल काढता येईल का?

बऱ्याच वेळा येतं. पद्धत वजाबाकीची. काय आहे आणि काय नाही, दोन्ही बघायचं. टॉवरांची सालं प्रश्न २ मध्ये आहेत. अल्कोआची चकचकीत इमारत दिसते पण अरीना नाही, तर १९५३ नंतरचा आणि घुमट उभा राहण्याआधीचा. घुमटाचं काम १९५८ मध्ये सुरू झालं, म्हणून अर्धवट घुमट म्हणजे १९५८ ते ६१. अरीना आहे आणि यू.एस. स्टीलचा काळपट ठोकळा नाही, तर साठचं दशक. त्याचा सांगाडा चढताना दिसतोय, तर दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं.

संगमाच्या बाजूने काढलेला असेल तर पूल बघा. फोर्ट पिट पूल १९५९ चा. फोर्ट ड्यूकेन पूल १९६३ मध्ये झाला, पण पलीकडचे रस्तेच न झाल्याने १९६९ पर्यंत नुसता हवेत संपायचा. १९६४ मध्ये एका विद्यार्थ्याने त्याच्या टोकावरून गाडी सरळ पलीकडच्या काठावर उडवली आणि तो वाचला. पूल हवेतच संपत असेल तर तुमचं काम सोपं झालं.

दोन सापळे. एक, निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली असू शकते, तेव्हा आधी दुकानाची पाटी सरळ वाचता येते का बघा. दोन, पोस्टकार्डवरच्या शिक्क्याची तारीख ही पत्र टाकल्याची. फोटो दहा वर्षं जुना असू शकतो.

१३. ‘आधी आणि नंतर’च्या जोड्या किती विश्वासाच्या?

धूर खरा होता आणि तो गेला हेही खरं. पण जोडी बनवणारा निवड करतोच. ‘आधी’ म्हणजे हिवाळ्यातला, हवा कोंडलेला दिवस. ‘नंतर’ म्हणजे पावसाने धुऊन निघालेली उन्हाळ्यातली सकाळ. वर लेन्सवर पिवळा किंवा लाल फिल्टर चढवला की धुरकट दूरचंही कोरीव दिसतं आणि आभाळ गडद होतं. झाडांची पानं, सावल्यांची लांबी, ढगांचा टोन हे तपासलं तर बरंच कळतं.

१४. त्या काळी रात्रीची स्कायलाइन कशी काढायचे? मला फिल्मवर तसाच फोटो हवा आहे.

ट्रायपॉड, केबल रिलीज, लहान छिद्र आणि सेकंदांत मोजावा लागणारा उजेड. फिल्मची एक खोड आहे. उजेड खूप कमी असला की ती मंदावते, म्हणजे मीटर दहा सेकंद म्हणाला तर प्रत्यक्षात वीस-पंचवीस द्यावे लागू शकतात, फिल्मनुसार. आपल्या फिल्मच्या माहितीपत्रकातला तक्ता बघा, अंदाज करत बसू नका. शिवाय पूर्ण अंधाराची वाट पाहायची नाही. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत आभाळ आणि खिडक्या यांचा उजेड जवळ येतो, तेव्हाच इमारतींच्या कडा आभाळापासून सुटतात. कार्यालयांचे दिवे त्या वेळी चालू असतील असा, हिवाळ्यातला कामाचा दिवस निवडा.

१५. मुलाकडे पिट्सबर्गला आलोय. वेंकटेश्वराच्या देवळात जाऊन आलो. आता हे सगळं बघायला कुठे जायचं?

माउंट वॉशिंग्टनला इन्क्लाइनने, म्हणजे कड्यावर चढणाऱ्या जुन्या डब्याने जा. ड्यूकेन इन्क्लाइन १८७७ पासून आहे. तो नजारा बघून झाला की त्याच दिवशी फ्रीडम कॉर्नरला जा. तिथून डाउनटाउनकडे तोंड केलं की यू.एस. स्टील टॉवर समोर उभा असतो आणि मधली जमीन म्हणजे लोअर हिल. हमरस्त्यावर छप्पर घालून केलेली, २०२१ मध्ये खुली झालेली फ्रँकी पेस पार्क वाटेत लागेल. हिलच्या त्याच लढ्यातल्या एका कार्यकर्तीचं ते नाव.

गुडघे दुखत असतील तर चढाचा विचार करून बसने वर जा आणि उतरत खाली या. ओकलंडमध्ये कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टला हॅरिसचे फोटो बघता येतात, मुलाचं विद्यापीठ ओकलंडातच असेल तर चालत.

१६. हॅरिसच्या निगेटिव्हवर नावं कशी आली? आणि त्या संग्रहालयाकडे कशा गेल्या?

नावं बहुतेकांवर नव्हतीच. संग्रहालयाने वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावून फोटो दाखवले, त्यांच्या आठवणी नोंदवल्या, कुरियरचे जुने अंक जुळवले. म्हणून आज संकेतस्थळावरच्या वर्णनांत ‘डावीकडून तिसरी अमुक, मागे तमक्यांचं दुकान’ इतकी बारकाई सापडते. पाडलेल्या दुकानांचा ठावठिकाणा लागायला तर हा सगळ्यात चांगला स्रोत आहे.

मालकीची गोष्ट कडवट आहे. १९८६ मध्ये हॅरिसने एका स्थानिक व्यावसायिकाशी करार केला, ३,००० डॉलर रोख आणि पुढे मानधनाचं आश्वासन. मानधन मिळालं नाही म्हणून १९९८ मध्ये दावा लावला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो वारला. निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला, निगेटिव्ह परत आल्या, आणि २००१ मध्ये संग्रहालयाने त्या घेतल्या.

१७. याचा दलित पँथरशी काही धागा जोडता येईल का?

पिट्सबर्गशी थेट नाही, उगाच ओढून आणू नये. दलित पँथरची स्थापना १९७२ मध्ये मुंबईत झाली आणि नाव घेतलं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. ते ओकलंड वेगळं आणि पिट्सबर्गची ओकलंड वस्ती वेगळी, ही गल्लत पत्रांत नेहमी दिसते. त्याआधीचा धागा हवा असेल तर डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस या अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंताला लिहिलेलं पत्र वाचा. संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली होती.

१८. व्याख्यानात, दिवाळी अंकात किंवा लेखात हे फोटो वापरता येतात का?

जुने म्हणजे मोफत, हा समज काढून टाका. हॅरिसच्या फोटोंचे हक्क कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टकडून मागावे लागतात. छापील अंक असेल तर प्रतींची संख्या आणि आकार आधीच कळवा. स्मिथच्या फोटोंसाठी त्याच्या वारसांच्या वतीने काम पाहणाऱ्यांकडे जावं लागतं, टुसॉनचं केंद्र वाट दाखवतं. फोटोग्राफिक लायब्ररीचा संग्रह पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयाकडे आहे, तिथे प्रत्येक चित्राची अट वेगळी वाचा. दिवाळी अंकासाठी विचारायचं असेल तर जूनमध्येच विचारा. उत्तर यायला वेळ लागतो आणि मग संपादक इंटरनेटवरून अस्पष्ट प्रत उचलून छापतात, तीही उलटी.